विश्लेषण : बिलिंग यंत्राला दुकानात जागा मिळवून देणारे जॉन पॅटरसन कोण होते?

दुकानात नवे पीओएस यंत्र येते, पण गल्ल्यावरचा माणूस ते वापरायला राजी होत नाही. ही अडचण सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. अमेरिकेतील जॉन पॅटरसन यांचा सारा धंदाच तिच्यावर अडला होता.

यंत्र आले कुठून?

ओहायो राज्यातील डेटन येथे जेम्स रिटी यांचे मद्यालय होते. नोकर गल्ल्यातले पैसे लांबवत. १८७८ मध्ये युरोपला जाताना जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे उपकरण त्यांनी पाहिले. त्यावरून भावाच्या मदतीने विक्री मोजणारे यंत्र बनवून १८७९ मध्ये पेटंट घेतले. धंदा चालला नाही, म्हणून तो विकला.

पॅटरसन यांचा संबंध काय?

१८४४ मध्ये डेटनजवळ जन्मलेले पॅटरसन कोळशाच्या व्यवसायात होते. त्यांच्या दुकानात विक्री भरपूर, नफा मात्र नाही. दोन यंत्रे बसवल्यावर तोटा थांबला. १८८४ मध्ये ६,५०० डॉलर देऊन त्यांनी यंत्राच्या कंपनीचा ताबा घेतला. दुसऱ्याच दिवशी पस्तावून सौदा मोडायचा प्रयत्न केला; तो फसला. कंपनीचे नाव झाले नॅशनल कॅश रजिस्टर.

विरोध का झाला?

यंत्र म्हणजे आपल्यावर चोरीचा आळ, असे नोकरांना वाटे. कंपनीची पत्रके ते मालकापर्यंत पोहोचूच देत नसत. पॅटरसन यांनी मग कंपनीचे नाव नसलेल्या पाकिटांतून पत्रके पाठवली. यंत्र कसे समजावून सांगायचे, याची पुस्तिका १८८७ मध्ये निघाली. पुढे विक्री प्रतिनिधींसाठी शाळाच सुरू झाली. प्रामाणिक नोकरावरचा संशय यंत्रामुळे टळतो, हे पटवून दिले जाऊ लागले.

कारखान्यात काय घडले?

एकदा इंग्लंडला पाठवलेली सुमारे ५० हजार डॉलरची यंत्रे नादुरुस्त म्हणून परत आली. कामगारांनीच त्यांत आम्ल ओतले होते. पॅटरसन यांनी आपले टेबल थेट कारखान्यात हलवले. तेथील अंधार आणि घाण पाहून मोठ्या खिडक्या, गरम जेवण, डॉक्टर अशा सोयी केल्या.

ते निष्कलंक होते का?

नाही. प्रतिस्पर्ध्यांना संपवण्याच्या मार्गांबद्दल १९१३ मध्ये त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. अपिलात ती टिकली नाही. त्याच वर्षी डेटनमध्ये महापूर आला, तेव्हा त्यांनी कारखान्यात होड्या बनवून लोकांना वाचवले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज काय शिकायचे?

यंत्र बसवण्याच्या खर्चात प्रशिक्षणाचे दिवसही धरावेत आणि गल्ल्यावरच्या माणसाशी आधी बोलावे. त्याला यंत्र आपल्यावरचा पहारेकरी वाटले, तर ते कोपऱ्यातच पडून राहते.