मलिक अंबरची नहर आणि डोंगरमाथ्याचे देणे

नदीच्या पुनरुज्जीवनाचा विचार आपल्याकडे बहुधा पुलावर उभे राहून केला जातो. डोंगराकडे तोंड करून पाण्याचा विचार करणारा एक मुत्सद्दी चारशे वर्षांपूर्वी याच प्रदेशात होऊन गेला.

इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी दख्खनेत आला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडू पाहणारे ते राज्य त्याने पुढे पंचवीस वर्षे तोलून धरले. 1624 साली भातवडीस तलाव फोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतवली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. लढाईच्या कथेस श्रोते लवकर मिळतात. त्याची खरी जलदृष्टी मात्र खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, दिसते.

1610 साली वसविलेल्या या नगराजवळ खाम नदी वाहत होती. तरीही अंबरने उत्तरेस हर्सूलच्या बाजूच्या डोंगरपायथ्याशी मुरलेले पाणी गाठले आणि भूमिगत नहरीतून केवळ उताराच्या बळावर गावात आणले. काळ्या खडकाचा वरचा झिजलेला, भेगाळलेला थर पाऊस शोषून घेतो, खालचा अभंग खडक तो अडवितो आणि पायथ्याशी संथ पाझर फुटतो. पावसाळा सरल्यावर नदी वाहती राहते ती याच पाझरावर. उतार उघडे पडले की पाणी मातीसह धावत सुटते आणि मार्गशीर्षातच पात्र कोरडे होते. 2020 नंतर खामच्या काठी शहरात झालेले स्वच्छतेचे काम स्तुत्यच आहे. पण त्याचे यश अखेर याच डोंगरांवर अवलंबून आहे.

जमीन मोजून, तिची प्रत पाहून सारा ठरविणाऱ्या अंबरला उत्पन्न कोठे निर्माण होते आणि त्याचा उपभोग कोण घेतो, यांतील अंतर उमगले असावे. आमच्या सिल्लोडकडे हे अंतर डोळ्यांना दिसते. अजिंठ्याच्या रांगेतून वाघूर तापीकडे जाते, तर पूर्णा गोदावरीकडे. पूर्णेवर खाली येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत. वरचा शेतकरी बांध घालतो, कुरण चराईस बंद ठेवतो, तेवढा चारा गमावतो. खर्च त्याचा, ओलित दुसऱ्याचे. अशा व्यवहारात तो फार काळ टिकणार नाही, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. म्हणून धरणाखालच्या पाणीपट्टीतील ठराविक हिस्सा माथ्यावरील गावांना, अनुदान म्हणून नव्हे तर मोबदला म्हणून, मिळाला पाहिजे.

1626 साली अंबर निवर्तला. त्याची कबर खुलताबादच्या पठारावर आहे. त्याच परिसरातील डोंगरांत उगम पावणारी गिरिजा पुढे पूर्णेस जाऊन मिळते.