संत जनाबाई : नित्यकर्मातून उभे राहणारे चरित्र

परळी वैजनाथ आणि गोदावरीकाठचे गंगाखेड ही मराठवाड्यातील परस्परांच्या परिसरातील दोन गावे. वारकरी परंपरेला परळीने जगमित्र नागा दिले आणि गंगाखेडने जनाबाई. जगमित्र नागांचे चरित्र मुख्यतः महिपतींच्या ‘भक्तविजय’ (१७६२) या ग्रंथामुळे परिचित झाले. त्यात अधिकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी त्यांनी रानातून वाघ आणल्याची कथा ठळक आहे. त्यांचा दिवस कसा जात असे, हे त्या अद्भुताच्या आड राहते. जनाबाईंच्या बाबतीत नेमके उलट घडले आहे. त्यांच्याविषयीही चमत्कारकथा विपुल आहेत. परंतु त्यांच्या अभंगांत त्यांचा दिवस शिल्लक राहिला आहे.

जनाबाईंचा जन्म गंगाखेड येथे शूद्र गणल्या गेलेल्या कुटुंबात झाला. दमा आणि करुंड ही आईवडिलांची नावे परंपरेने सांगितली आहेत. बालवयातच त्या पंढरपुरास दामाशेटी शिंपी यांच्या घरी आल्या आणि दासी म्हणून तेथेच राहिल्या. दामाशेटींचे पुत्र नामदेव (१२७०–१३५०) यांच्या सहवासात त्यांची भक्ती वाढली आणि वाणी फुलली. दामाशेटी व गोणाई, नामदेव व राजाई, चार मुलगे, चार सुना, लेक लिंबाई आणि बहीण आऊबाई अशा चौदा जणांच्या या घरात परंपरेने जनीला पंधरावी मोजले आहे. पंधरावी असणे म्हणजे चौदा जणांचे काम अंगावर असणे होय.

हे काम कोणते, ते जनाबाईंचे अभंगच सांगतात. दळण, कांडण, सडासारवण, केर काढणे, पाणी भरणे, धुणे, गोवऱ्या वेचणे, न्हाणे, वेणीफणी, इतकेच काय डोक्यातल्या उवाही तेथे येतात. ज्या गोष्टी कोणी कोणाला सांगण्याजोग्या मानत नाही, त्या जनाबाई विठ्ठलाला सांगतात. विठ्ठलही त्या ऐकून थांबत नाही. तो जात्याला हात लावतो, केर भरतो, केस विंचरतो. येथील अद्भुत कामाचा भार नाहीसा करीत नाही, तो वाटून घेतो. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या स्त्रीला आपल्यासाठी राबणारे कोणी असावे, ही साधी मानवी आकांक्षा त्यामागे आहे.

संतांचे अभंग कोणी लिहून घेतले, याची नोंद करणारा एक अभंगही त्यांच्या नावे आहे. त्यात सावता माळ्यांचे लेखक म्हणून काशिबा गुरव आणि चोखोबांचे लेखक म्हणून अनंतभट्ट येतात; जनीचे अभंग मात्र स्वतः विठ्ठल लिहितो. दासीच्या बोलण्याला लेखक मिळणे किती दुर्घट होते, याची जाणीव या नोंदीत दडलेली आहे.

जनाबाईंच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आणि ‘हरिश्चंद्राख्यान’, ‘थाळीपाक’ यांसारखी आख्याने आहेत. हे अभंग प्रामुख्याने नामदेवांच्या गाथेच्या आश्रयाने टिकले आणि दीर्घकाळ मुखोद्गत राहिले. त्यामुळे जनीच्या नाममुद्रेखाली उत्तरकालीन रचनाही मिसळल्या असाव्यात, ही अभ्यासकांची शंका रास्त आहे. तथापि तिच्यामुळे या तपशिलांचे मोल कमी होत नाही. जात्यावर बसणाऱ्या इतर स्त्रियांनी जनीच्या नावाने आपला दिवस सांगितला असेल, तर जनीचा दिवस त्यांना आपलाच वाटला, इतके त्यातून निश्चित होते.

१३५० मध्ये पंढरपुरी, नामदेवांच्याच दिवशी, आषाढ वद्य त्रयोदशीस जनाबाईंनी समाधी घेतली असे परंपरा मानते. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात त्यांचे म्हणून एक जाते दाखविले जाते. त्याची ऐतिहासिकता सिद्ध करणे कठीण आहे. परंतु एखाद्या कवयित्रीची स्मृती लोकांनी पोथीऐवजी जात्यात जपावी, ही बाब तिच्या चरित्रकाराने दुर्लक्षिण्याजोगी नाही. चमत्कार वगळले की जनाबाईंच्या चरित्रात फारसे उरत नाही, असा समज आहे. वस्तुतः ते वगळल्यावर जे उरते, तेच त्यांनी स्वतः सांगितलेले आहे.