मळा न सोडणारे वारकरी : संत सावता माळी

वारी म्हंजे चालणं, हे आपल्या दिंडीतल्या लहान पोरालाही ठाऊक असतं. पण आपल्याच संतमेळ्यात एक संत असे होऊन गेले, की जे पंढरीला कधी गेलेच नाहीत, असं परंपरा सांगते. ते म्हणजे अरणचे सावतोबा.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात, मोडनिंबाजवळ अरण हे गाव आहे. तिथे इ. स. १२५० साली सावता महाराजांचा जन्म झाला. वडील परसोबा, आई नांगिताबाई. आजोबा देवू माळी पंढरीचे वारकरी. म्हणजे वारी घरातच होती. पत्नी जनाबाई भेंड गावच्या.

मग सावतोबा पंढरीला का गेले नसावेत? ज्याच्या घरी बागाईत आहे त्याला हे सांगावं लागत नाही. आपल्या मुलखात बर्फ पडत नाही, जमीन गोठत नाही. त्यामुळे विहिरीला पाणी असेतोवर मळ्याला सुट्टी नाही. आषाढी येते तेव्हा वांग्याची रोपं लावायची असतात, भेंडी-गवारीत तण माजलेलं असतं. कार्तिकी येते तेव्हा मेथी-मुळ्याचे वाफे पेरायचे, कांदा-लसणाची तयारी करायची. उन्हाळ्यात तर मोट एक दिवस थांबली की काकडी-दोडक्याचे वेल माना टाकतात. एका वाफ्यातलं निघालं की दुसऱ्यात लावायचं, हे बारा महिने चालतं. तहानलेल्या रोपाला चार दिवस थांब असं सांगता येत नाही.

सावतोबांनी यातून पळवाट काढली नाही. हातात खुरपं, मुखात नाम. पाटाचं पाणी वाफ्यात सोडता सोडता त्यांनी भजन केलं आणि त्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. त्यांच्या अभंगांत मळ्यातल्या भाज्याच देवाचं रूप घेऊन येतात. काशिबा गुरव यांनी ते अभंग लिहून घेतले. आज त्यांतले ३७ उपलब्ध आहेत.

कथा अशी सांगतात की, ज्ञानोबा आणि नामदेवांसह कूर्मदासाच्या भेटीला निघालेले पांडुरंग वाटेत अरणला थांबले. मला लपव, असा देवानं हट्ट धरला. सावतोबांनी खुरप्यानं छाती चिरून देवाला आत घेतलं. इकडे नामदेव देव दिसेना म्हणून रडवेले झाले. मळ्यात राहणाऱ्या माणसाच्या काळजात देव लपला होता, हेच या कथेचं सार.

आषाढ वद्य चतुर्दशी, शके १२१७ (इ. स. १२९५) रोजी सावतोबा अरणलाच समाधिस्थ झाले. वय अवघं पंचेचाळीस. बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरीला येतात. सावतोबांची येत नाही. उलट आषाढी झाली की पांडुरंगाचीच पालखी अरणला जाते.

आपल्या दिंडीची शंभर वर्षं मोजताना हे ध्यानात ठेवू या. चालणाऱ्यांची नावं वहीत राहिली. पण भाऊ वारीला गेला म्हणून त्याच्याही रानाला पाणी देणारा, जित्राबं सांभाळणारी घरधनीण, यांची नावं कुठे नाहीत. त्यांच्या जिवावर दिंडी चालली. अवंदा ज्यांना पिकापायी येता आलं नाही, त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. सावतोबांच्या मळ्यात देव स्वतः आला होता.