शिष्यवृत्तीवर शिकलेले डॉक्टर : बिधानचंद्र रॉय

कोलकाता, ३० जून – डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ १ जुलै हा दिवस देशभर डॉक्टर दिन म्हणून पाळला जातो. १८८२ मध्ये याच तारखेला त्यांचा जन्म झाला आणि १९६२ मध्ये याच तारखेला त्यांचे निधन झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री, महात्मा गांधींचे चिकित्सक आणि भारतरत्न ही त्यांची ओळख सर्वश्रुत आहे. स्वतःच्या वैद्यकीय शिक्षणाचा खर्च त्यांनी कसा भागविला, याची हकिकत मात्र बंगालबाहेर फारशी सांगितली जात नाही.

पाटण्यातील बांकीपूर येथे जन्मलेले बिधानचंद्र हे पाच भावंडांतील धाकटे. वडील प्रकाशचंद्र सरकारी नोकरीत होते. घराण्याचा वारसा मोठा सांगितला जाई. परंतु त्यातून हाती संपत्ती अशी आली नव्हती. मध्यम वेतनात पाच मुलांचे शिक्षण चालले असतानाच प्रकाशचंद्र आणि अघोरकामिनी देवी हे दांपत्य इतर गरीब मुलांचाही सांभाळ करीत असे. बिधानचंद्र चौदा वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले.

गणितातील पदवी घेतल्यावर त्यांनी शिवपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि कलकत्ता मेडिकल कॉलेज या दोन्ही ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडे प्रवेश मिळाला. त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले आणि जून १९०१ मध्ये ते कलकत्त्यात दाखल झाले. पहिल्याच वर्षी वडील नोकरीतून निवृत्त झाले आणि घरून येणारे पैसे थांबले.

आजच्यासारखी बँकांची शैक्षणिक कर्जे त्या काळी नव्हती. शिष्यवृत्ती आणि काटकसर एवढाच आधार होता. वैद्यकीय पुस्तके तेव्हाही महागच. बिधानचंद्र ग्रंथालयात बसून वाचीत, सहाध्यायांच्या टिपणवह्या मागून आणीत. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यांनी पाच रुपयांचे एकच पुस्तक विकत घेतले, असे सांगितले जाते. ही काटकसर अनेकदा आदर्श म्हणून पुढे ठेवली जाते. मात्र शिक्षण सरकारी महाविद्यालयातील होते आणि शिष्यवृत्तीत निर्वाह होऊ शकत होता, म्हणूनच तिला फळ आले, हेही ध्यानात घ्यावे लागते. शुल्कच लाखोंच्या घरात असलेल्या आजच्या विद्यार्थ्याला पुस्तके न घेऊन कर्ज टाळता येणार नाही.

अशा परिस्थितीत एखादे वर्ष वाया जाणे म्हणजे मोठेच संकट. नेमका तोच प्रसंग अंतिम परीक्षेच्या सुमारास ओढवला. प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक कर्नल पेक यांची घोडागाडी महाविद्यालयाच्या दाराशी ट्रामवर आदळली. बिधानचंद्रांनी तो अपघात प्रत्यक्ष पाहिला होता. ट्राम कंपनीविरुद्ध साक्ष द्यावी, अशी प्राध्यापकांची अपेक्षा होती. ट्रामचालकाचा दोष नसल्याचे पाहिलेल्या विद्यार्थ्याने तसे सांगण्यास नकार दिला. पुढे एम.बी.च्या तोंडी परीक्षेत परीक्षक म्हणून पेकच समोर होते आणि बिधानचंद्र अनुत्तीर्ण ठरले. त्यानंतर एल.एम.एस. परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी वैद्यकीय व्यवसायाची पात्रता मिळविली. मिळकतीचा अन्य मार्ग नसलेल्या तरुणाने पदवी पणाला लावून दिलेला हा नकार त्यांच्या पुढील राजकीय कारकिर्दीतील कोणत्याही निर्णयाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

प्राचार्य कर्नल ल्युकिस यांचा मात्र त्यांच्यावर लोभ होता. सरकारी आरोग्य सेवेत रुजू झाल्यावर बिधानचंद्र औषधयोजना करीत आणि गरज पडल्यास परिचारकाप्रमाणे रुग्णाची शुश्रूषाही करीत. फावल्या वेळेत दोन रुपये शुल्क घेऊन ते खासगी रुग्ण तपाशीत. एम.डी. पदवीही त्यांनी याच काळात मिळविली.

फेब्रुवारी १९०९ मध्ये ते इंग्लंडला निघाले तेव्हा गाठीला अवघे १२०० रुपये होते. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे अधिष्ठाते आशियाई विद्यार्थ्याला प्रवेश देण्यास राजी नव्हते. बिधानचंद्र पुन्हा पुन्हा अर्ज करीत राहिले. एकंदर तीस अर्ज झाल्यावर प्रवेश मिळाला. परक्या शहरातील प्रत्येक वाढता दिवस त्या तुटपुंज्या रकमेतून वजा होत होता. सव्वादोन वर्षांतच, १९११ मध्ये, ते एम.आर.सी.पी. आणि एफ.आर.सी.एस. या दोन्ही पात्रता घेऊन मायदेशी परतले. एवढ्या अल्पावधीत दोन्ही मिळविणे ही असाधारण गोष्ट होती.

त्यानंतर कॅम्पबेल मेडिकल स्कूल आणि कारमायकेल मेडिकल कॉलेज या संस्थांत त्यांनी अध्यापन केले. यांपैकी दुसरी संस्था आज आर. जी. कर या नावाने ओळखली जाते. स्त्रिया व मुलांसाठी १९२६ मध्ये सुरू झालेल्या चित्तरंजन सेवा सदनात त्यांनी स्त्रियांना शुश्रूषेचे प्रशिक्षण मिळण्याची व्यवस्था केली. १९४३ मधील गांधीजींच्या उपोषणकाळात पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांत तेही होते.

जानेवारी १९४८ मध्ये मुख्यमंत्रिपद स्वीकारल्यानंतरही त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. घरी येणाऱ्या रुग्णांना ते विनामूल्य तपाशीत. कोलकात्यातील आपले राहते घर त्यांनी आई अघोरकामिनी देवींच्या नावे शुश्रूषागृह चालविण्यासाठी देऊन टाकले.