इतिहासाचार्य राजवाडे

घराण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्या वाचकांसाठी या आठवड्यात आम्ही विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र देत आहोत. त्यांचा जन्म १८६३ साली कोकणात, वरसई गावी झाला. ऐन तारुण्यात पत्नी वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. गावोगाव हिंडावे, हाताने स्वयंपाक करावा आणि जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळावी, हाच त्यांचा संसार झाला. माळ्यावर वाळवी खात असलेली घरगुती पत्रे त्यांनी तारीखवार लावली, त्या काळच्या घडामोडींशी ताडून पाहिली. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, त्यात १७५० पासून पानिपतापर्यंतचे कागद आहेत. असे एकूण २२ खंड झाले. १९१० साली त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यास ते वारले.

आपल्या मॉरिशसला आलेल्या पूर्वजांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत. परंतु आजोबांच्या पेटीतील कागद कोण जपणार? ते आपणच आजच उघडून, तारीख लावून ठेवावे, अशी आमची विनंती आहे.