प्रभाकर बरवे : रोजच्या वहीने घडवलेला चित्रकार

आपल्या पांढुर्णा-सौसर भागातल्या घरांना नक्षी नवी नाही. सकाळी सडा पडला की अंगणात ठिपक्यांची रांगोळी निघते. पोळ्याला बैलांच्या अंगावर रंगांचे ठसे उमटतात. सौसर-लोधीखेड्याकडचे हातमाग आणि साडीचे काठ आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पण रांगोळी दुपारपर्यंत पुसली जाते. आईने आयुष्यभर रोज एक नवी आकृती काढली, तरी त्यातली एकही आज आपल्याजवळ नाही. म्हणून यावेळी आपण अशा एका चित्रकाराची ओळख करून घेऊ, ज्याने सुचलेली रेघ वर्षानुवर्षे वहीत टिपून ठेवली.

प्रभाकर बरवे यांचा जन्म १६ मार्च १९३६ रोजी अलिबागजवळच्या नागाव येथे झाला. नारळी-पोफळीच्या वाड्या आणि समोर समुद्र असे ते कोकणातले गाव. पुण्यातील छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांच्या नात्यातले. कलेचे वातावरण घराण्यातच होते. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकून १९५९ मध्ये ते पदविका घेऊन बाहेर पडले.

चित्रे विकून संसार चालवण्याचे ते दिवस नव्हते. १९६१ मध्ये बरवे केंद्र सरकारच्या विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले. हातमागाच्या विणकरांना नवे नमुने, नव्या रंगसंगती मिळाव्यात म्हणून ही केंद्रे निघाली होती आणि त्यासाठी चित्रकारांना नोकरीवर घेतले जाई. आपल्या विदर्भातले, अकोल्याचे चित्रकार अंबादास यांनीही अशा केंद्रात काम केले. नोकरीत बरवे यांची काही वर्षे बनारसला गेली. कापडाचा नमुना चौकटीच्या कागदावर उतरवावा लागतो. कोणत्या चौकटीत उभा धागा वर राहील आणि कोणत्या चौकटीत आडवा, हे आधी ठरवावे लागते. एक चौकट चुकली तर चूक सगळ्या काठभर फिरते. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे, तर एका आकड्याने सगळी खतावणी अडते. या कामाने बरवे यांच्या नजरेला मांडणीची शिस्त लागली असणार, असे आम्हाला वाटते. बनारसमध्येच तंत्र परंपरेतल्या आकृतींशी त्यांचा जवळून परिचय झाला आणि त्या काळातल्या चित्रांवर त्यांची छाप दिसते.

पुढे त्यांची चित्रे बदलली. घड्याळ, पान, किल्ली, टाचणी, फळ, ढग अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत, एकमेकींपासून अंतर राखून दिसू लागल्या. दारे-खिडक्या रंगवायचा एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवर आणला. कोणतेही साधन हलके नसते, वापरणाऱ्याची नजर महत्त्वाची, हे त्यातून दिसते. १९७६ मध्ये त्यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

या सगळ्याच्या मागे त्यांच्या वह्या होत्या. नोकरी, घर आणि चित्र सांभाळत बरवे डायरी लिहीत राहिले. एखाद्या वस्तूचे छोटे रेखाटन, शेजारी तिच्याबद्दलचा विचार, मनात आलेल्या चित्राची कच्ची मांडणी, असे सगळे एकाच पानावर नांदत असे. चित्र आधी की शब्द आधी, असा भेद तिथे नव्हता. वहीतले प्रत्येक पान कॅनव्हासपर्यंत पोहोचत नाही. तरीही ते वाया जात नाही, कारण हात आणि डोळा त्यावरच तयार होतो.

या चिंतनाचे फळ म्हणजे १९९० मध्ये आलेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक. आकार, अवकाश, रंग यांवर त्यांनी ते मराठीत लिहिले. पुढे त्याचा इंग्रजी अनुवाद झाला. ६ डिसेंबर १९९५ रोजी बरवे गेले, तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले. तिथे चित्रांसोबत या डायऱ्यांनाही जागा मिळाली. माणूस जाऊन तेवीस वर्षे झाली होती, पण त्याची रोजची पाने लोक वाकून वाचू शकत होते.

आपल्या मंडळींसाठी ही गोष्ट जवळची आहे. आपली मुले शाळेत हिंदी किंवा इंग्रजीत शिकतात. मराठी घरात बोलली जाते, पण लिहिली फारशी जात नाही. पुढच्या पिढीत ती बोलण्यातूनही गेली, तर दोष कोणाला द्यायचा? मुलांना निबंध लिहा म्हटले की ती पळतात. पण एक कोरी वही आणि रंग हाती दिले, तर बसतात. त्यात आजीची रांगोळी ठिपक्यांसह उतरवावी. पोळ्याच्या झुलीची नक्षी काढावी. जुन्या साडीच्या काठाचा तुकडा, संत्र्याचे वाळलेले पान, नागपूरच्या गाडीचे तिकीट खळीने चिकटवावे. आणि खाली दोन ओळी मराठीत लिहाव्यात. शुद्धलेखन नंतर पाहता येईल.

आम्हा निवृत्तांनाही हे जमण्यासारखे आहे. उभी हयात रोजकीर्द जुळवल्याशिवाय आम्ही घरी गेलो नाही. तो हिशेब दुसऱ्यांच्या पैशांचा होता. आता रोज एक पान आपल्या स्वतःच्या दिवसाचे जमा करायला काय हरकत आहे? चित्र चांगले आले पाहिजे, अशी अट नाही. पान रिकामे राहू नये, एवढीच अट पुरे.