घर, शाळा आणि शिकण्याची वृत्ती : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची विद्यार्थिदशा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• डॉ. आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेतील प्रमुख टप्पे सांगता येतील;
• मुलाच्या शिक्षणविषयक वृत्तीवर घर आणि शाळा यांचा होणारा परिणाम या चरित्राच्या आधारे विशद करता येईल;
• चरित्रातील बालपणीच्या प्रसंगांचा अर्थ कसा लावावा, याचा विचार करता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, थोर व्यक्तीचे चरित्र वाचताना तिचे अंतिम यश आपल्याला आधीच ठाऊक असते. त्या यशाच्या प्रकाशात आपण तिचे बालपण वाचू लागतो. मूल जात्याच असामान्य होते, घर आणि शाळा ही केवळ पार्श्वभूमी होती, असा समज त्यातून सहज होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्राच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. कारण त्यांचे यशही मोठे आहे आणि त्यांच्यासमोरचे अडथळेही मोठे आहेत.

या घटकात आपण वेगळा प्रश्न विचारणार आहोत. ज्या मुलाला शाळेने दररोज परकेपणाची वागणूक दिली, त्याच्या मनात शिकण्याची ओढ कशी टिकली? एका टप्प्यावर ती जवळजवळ संपली होती, हेही आपण पाहणार आहोत. येथे वृत्ती हा शब्द आपण बुद्धिमत्ता किंवा अभ्यासाची आवड या अर्थाने वापरत नाही. ज्ञान आपल्यासाठी आहे की ते दुसऱ्या कोणाचे आहे, याविषयी मुलाच्या मनात रुजलेला विश्वास किंवा अविश्वास, असा तिचा अर्थ आपण घेऊ.

२. शाळेने घडवलेले घर

भीमराव यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांचे ते चौदावे अपत्य. या भावंडांपैकी बळीराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन भाऊ व मंजुळा आणि तुळसा या दोन बहिणी एवढीच पुढे हयात राहिली. कुटुंबाचे मूळ गाव कोकणातील मंडणगडजवळचे आंबडवे. त्या काळच्या गावगाड्यात महार कुटुंबातील मुलाला अक्षरांपर्यंत पोहोचण्याची वाट जवळजवळ बंद होती. ती उघडली लष्कराने. छावण्यांमध्ये सैनिकांच्या मुलांसाठी शाळा असत. रामजींनी लष्करातच शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले आणि लष्करी शाळेत ते मुख्याध्यापक झाले. सुभेदार या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले.

ही बाब आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. घरचे संस्कार हा शब्द आपण असा वापरतो की, जणू ते घरात आपोआप उगवतात. रामजींच्या घरातील विद्याप्रेम मात्र एका शाळेतून घरात आले होते. एका पिढीला शाळा लाभली, म्हणून पुढच्या पिढीला शिकवणारे घर लाभले.

रामजी कबीरपंथी होते. सायंकाळी घरात भजन आणि प्रार्थना होई आणि त्या वेळी सर्व मुलांनी हजर राहावे, असा दंडक होता. रामायण-महाभारतातील कथा आणि संतांची वाणी मुलांच्या कानांवर नित्य पडे. इंग्रजी आणि अंकगणित हे विषय वडील स्वतः शिकवत. इंग्रजीसाठी हॉवर्डची पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी मुलाकडून करून घेतली. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्ही या पद्धतीकडे लक्ष द्यावे. भाषांतर करणाऱ्या मुलाला केवळ पाठांतर पुरत नाही. प्रत्येक वाक्यासाठी त्याला दोन भाषांमधील शब्द तोलावे लागतात, एक निवडावा लागतो आणि निवडीचे कारण मनाशी ठरवावे लागते. भाषेवर आपला अधिकार चालतो, हा अनुभव भीमरावांना प्रथम घरी मिळाला.

३. साताऱ्याची शाळा : न शिकवलेला पाठ

निवृत्तीनंतर हे कुटुंब काही काळ दापोलीस राहिले व पुढे साताऱ्यास आले. तेथेच १८९६ मध्ये भीमाबाईंचे निधन झाले. अपंग असलेल्या आत्या मीराबाई यांनी मुलांना मायेने सांभाळले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिल्या इयत्तेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. ही शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

वर्गात इतर मुले ज्यावर बसत, त्यावर भीमरावांना बसता येत नसे. घरून आणलेले गोणपाट एका कोपऱ्यात अंथरून ते बसत आणि सायंकाळी ते घरी परत नेत. कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे. तहान लागली तर नळाला स्वतः हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे.

येथे थोडे थांबून विचार करा. हा नियम कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापलेला नव्हता. गणिताच्या तासाला गुरुजी क्वचित गैरहजर असतील. गोणपाटाच्या पाठाला मात्र कधी सुट्टी नव्हती. शाळा मुलाला जे शिकवते, त्यातील मोठा भाग अशा मांडणीतून शिकवला जातो : कोण कोठे बसतो, पाण्याच्या भांड्याला कोण हात लावतो, कोणाची वही शिक्षक हातात घेतात. अभ्यासक्रमाच्या द्वारे शाळा ज्ञानाचे दार उघडत होती आणि बैठकीच्या व्यवस्थेतून हे दार तुझे नव्हे, असे सुचवत होती.

शाळेबाहेरचा समाज हाच पाठ घोटवून घेत होता. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची दोन मुले वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने निघाली. वडील तेव्हा गोरेगाव येथे खजिनदाराचे काम करत होते. मुले मसूर स्थानकावर उतरली. पण पत्र वेळेवर हाती न पडल्याने त्यांना घ्यायला कोणीही आले नव्हते. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकाने गाडी दिली. पण ती मुलांनी स्वतः हाकावी आणि आपण बाजूने चालावे, या अटीवर. जवळ भरपूर अन्न असूनही वाटेत पाणी न मिळाल्याने मुलांना उपाशी राहावे लागले. भीमराव तेव्हा सुमारे नऊ-दहा वर्षांचे होते. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः सविस्तर लिहून ठेवला.

तथापि, शाळा ही एकजिनसी गोष्ट नसते. त्याच साताऱ्यात आंबेडकर आडनावाचे एक ब्राह्मण शिक्षक होते. मधल्या सुट्टीत ते आपल्या शिदोरीतील भाजी-भाकरी या विद्यार्थ्याला रोज देत. आपले आडनाव या शिक्षकांवरून आले, असे बाबासाहेब सांगत. पुढे १९३० मध्ये गोलमेज परिषदेला निघताना या गुरुजींचे आलेले पत्र त्यांनी जपून ठेवले. पेंडसे नावाच्या दुसऱ्या एका शिक्षकांनी, पावसात चिंब भिजून आलेल्या भीमरावांना आपल्या घरी पाठवून गरम पाण्याने अंघोळ घालण्याची व्यवस्था केली होती. या दोघांमुळे शाळेची व्यवस्था बदलली नाही. परंतु व्यवस्था आणि शिक्षक ही दोन निरनिराळी माणसे असू शकतात, हे त्या मुलाला समजले.

४. ओढ संपते तेव्हा

आतापर्यंतच्या विवेचनावरून घर चांगले आणि शाळा वाईट, असा सोपा निष्कर्ष तुम्ही काढाल. तो पूर्णपणे बरोबर नाही. साताऱ्यात भीमरावांचे अभ्यासावरून लक्ष उडाले होते आणि त्याला घरातील घडामोडही कारण झाली. वडिलांनी दुसरे लग्न केले. आपल्या आईचे दागिने दुसऱ्या स्त्रीच्या अंगावर पाहणे त्या मुलाला असह्य झाले. वडिलांच्या मिळकतीवर जगायचे नाही, असे त्याने मनोमन ठरवले. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागल्याचे त्याच्या कानी आले होते. आपणही शाळा सोडून गिरणी कामगार व्हावे, हा बेत पक्का झाला.

प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी चोरण्याचा प्रयत्न त्याने सलग तीन रात्री केला. चौथ्या रात्री ती हाती आली. पण तिच्यात अवघा अर्धा आणा निघाला. या प्रसंगाने मुलगा अंतर्मुख झाला. पळून जाण्याचा विचार सोडून त्याने अभ्यासात झटायचे ठरवले. इतके की, जे शिक्षक त्याच्याविषयी तक्रार करत, तेच पुढे या मुलाला शक्य तितके शिकवा, असे वडिलांना सांगू लागले.

चरित्रकार या प्रसंगाला कलाटणी म्हणतात. तुम्ही मात्र हे लक्षात घ्या की, पिशवीत पुरेसे पैसे असते, तर कदाचित एक गिरणी कामगार वाढला असता. बुद्धिमान मूलही शिक्षणातून सहज निसटते. ते मागे वळले, तर त्याला सामावून घेणारे घर तेथे असावे लागते. रामजींचे घर तसे होते.

५. परळची खोली

१९०४ च्या सुमारास कुटुंब मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. भीमरावांचे नाव एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेत दाखल झाले. खोली एकच, तिच्यातच स्वयंपाक, सरपण आणि माणसे. दोघांना एकाच वेळी झोपण्याइतकी जागा नव्हती. म्हणून भीमराव लवकर झोपत आणि वडील रात्री दोनपर्यंत जागत. मग मुलाला उठवून त्याच्या जागी ते आडवे होत आणि मुलगा दिव्याच्या उजेडात अभ्यासाला बसे. पुस्तकांसाठी पैसे नसतील, तर रामजी विवाहित मुलींकडे जाऊन उसने मागत, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत आणि निवृत्तिवेतन हाती येताच सोडवून देत.

शाळेत मात्र साताऱ्याचा पाठ चालूच होता. एकदा शिक्षकांनी भीमरावांना फळ्यावर उदाहरण सोडवण्यास बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी ते घाईघाईने हलवले. संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही ती भाषा त्यांना नाकारण्यात आली आणि फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने संस्कृत अवगत केले. घरात भाषेवरचा अधिकार लाभलेला असल्यामुळे, शाळेने नाकारलेल्या भाषेवरचा आपला हक्क त्यांनी सोडला नाही.

१९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. गुण ७५० पैकी २८२. आजच्या मोजमापाने हे गुण सामान्य ठरतील. पण त्या समाजाला या घटनेचे मोल कळले होते आणि त्यानिमित्त सत्कारसभा भरली. तेथे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळुसकर हे दुसऱ्या शाळेतील शिक्षक. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाशी त्यांची ओळख झाली होती. त्यांच्याच खटपटीमुळे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण पुरे झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी भीमराव उच्च शिक्षणासाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले.

६. एका घराची मर्यादा

या कथेतील एका व्यक्तीकडे चरित्रवाचकांचे सहसा लक्ष जात नाही. ते म्हणजे थोरले बंधू आनंदराव. वडील तेच, भजन तेच, भाषांतर पाठमालाही तीच. परंतु दोन मुलांचे हायस्कूलचे शिक्षण रामजींना झेपेना. आनंदरावांना शाळा सोडून कामाला जावे लागले, तेव्हा धाकट्याचे शिक्षण चालू राहिले. शिकण्याची वृत्ती घर देऊ शकते. पण त्या वृत्तीला लागणारा वेळ, जागा आणि पैसा प्रत्येक मुलाला पुरवणे एकट्या घराच्या शक्तीबाहेरचे असते.

बाबासाहेबांचे पुढील शैक्षणिक कार्य या अनुभवाशी ताडून पाहा. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि तिच्या वतीने सोलापूर येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. वसतिगृह म्हणजे ज्या मुलाला अभ्यासाचे घर नाही, त्याला दिलेले घर. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. तेथे नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग भरत. १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू झाले, तेच पुढील मिलिंद महाविद्यालय. प्रत्येक मुलाच्या वाट्याला रामजी येत नाहीत. म्हणून रामजींनी जे केले, ते संस्थांनी करावे, अशी ही व्यवस्था होती.

७. सारांश

विद्यार्थी मित्रहो, घर आणि शाळा मुलाला उपदेशातून जितके घडवतात, त्याहून अधिक नित्याच्या मांडणीतून घडवतात. गोणपाटाचा कोपरा ही एक मांडणी होती. रात्री दोनला मुलासाठी रिकामी होणारी जागा ही दुसरी. पहिलीने ज्ञान परके केले, दुसरीने ते आपले केले. एखाददुसऱ्या शिक्षकाचा स्नेह पहिलीचा घाव सौम्य करू शकतो. पण सर्व मुलांचा प्रश्न सुटण्यासाठी मांडणीच बदलावी लागते.

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरकाम सांभाळून हे पुस्तक वाचत असतील. घरातील लहान मुले तुम्हाला वाचताना पाहत असतील. त्यांच्या दृष्टीने तीही एक मांडणीच आहे.

स्वाध्याय

१. शाळेने घडवलेले घर, ही कल्पना रामजी सकपाळ यांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
२. साताऱ्याच्या शाळेत अभ्यासक्रम आणि बैठकीची व्यवस्था यांतील विसंगती कशी दिसते?
३. आनंदरावांच्या शिक्षणाची हकिकत विचारात घेऊन घराच्या मर्यादांची चर्चा करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या शाळेतील दैनंदिन मांडणीचे निरीक्षण करून सुमारे १५० शब्दांत टिपण लिहा. व्यक्तींची नावे देऊ नका.